एका कडव्यात पंधरा श्वास

समारंभाचे अध्यक्ष माननीय डॉक्टर फाकाइया, व्यासपीठावर विराजमान गावप्रमुख आणि पाद्रीबाबा, आजच्या सत्कारमूर्ती सिस्टर इडिथ मायलाउआ, आणि आपल्या बेटाच्या लगूनच्या दोन्ही काठांवरून होड्या वल्हवत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो!

बाहेर दगडी भट्टीत डुक्कर शिजतंय, तेव्हा फार वेळ घेणार नाही. (घेणारच, हे तुम्ही ओळखलंच असेल.) आज इडिथ निवृत्त होते आणि उद्यापासून आपल्या इस्पितळाच्या दोन्ही वॉर्डांच्या किल्ल्या माझ्याकडे येतात. म्हणून आजच बोलते.

एकोणीस वर्षं बायकांचा वॉर्ड तिच्याकडे, पुरुषांचा माझ्याकडे. नियम पाळणारी मी, चादरींच्या घड्या सरळ माझ्या, आणि रोग्यांकडून टोपलीभर रताळी यायची कुणाला? इडिथला! स्पष्टच सांगते, माझ्या पोटात दुखायचं.

मग कोरोना आला. खाटा चाळीस, परिचारिका सहा, ऑक्सिजनचं यंत्र एक, आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटाही एकच. मी नियमाप्रमाणे नातेवाइकांना फाटकाबाहेर काढलं. इडिथनं मात्र प्रत्येक खाटेपाशी घरचं एक माणूस ठेवलं, तोंडाला मास्क बांधून. रोग्याला कुशीवर वळवायला शिकवलं. श्वास मोजायला घड्याळं कुठली? पण रविवारचं स्तोत्र तर सगळ्यांना पाठ. "मनातल्या मनात एक कडवं म्हणा, अर्धं मिनिट होतं. तेवढ्यात छाती पंधरापेक्षा जास्त वेळा उचलली, की मला हाक मारा."

"वॉर्ड आहे की चर्चचं गायनमंडळ?" मी डॉक्टरांसमोरच टोमणा मारला.

पण रेडिओवर कौतुक झालं ते तिचं. माझं नावसुद्धा नाही. त्या दिवशी चिमटा माझ्याकडे होता. तो मी अभ्र्यात गुंडाळला, कपाटात टाकला आणि म्हटलं, "सापडत नाहीये." बघू आता काय करतात राणीसाहेब! माझ्याही रोग्यांना तो लागत होता हो. पण मत्सराला कुठे डोळे असतात?

तिसऱ्या दिवशी माझी आईच इडिथच्या वॉर्डात आली. आता चिमटा कपाटातून बाहेर काढला तर सांगू काय? मी गप्प बसले. हो, आईसाठीसुद्धा गप्प बसले.

दुपारी मी तिला बघायला गेले, तेवढ्यात तिच्या खाटेपाशी बसलेली माझी बहीण ओरडली, "सिस्टर, अठरा! अठरा झाले!" इडिथ धावली. सावरलेल्या एका बाईचं यंत्र काढून आईला लावलं आणि माझ्यावर खेकसली, "उभी काय राहिलीस, जोसेलिन? आई आहे तुझी. मोज!"

मी मोजलं. अठरा, सतरा, संध्याकाळी चौदा. मग चिमटा अभ्र्यासकट तिच्या टेबलावर ठेवला. "चादरींत सापडला."

"बरं झालं," ती म्हणाली.

आई पहिल्या रांगेत बसलीय. आई, सुपारी भिंतीवर थुंकू नकोस!

आज सकाळी किल्ल्यांबरोबर इडिथनं मला तो अभ्रा दिला. धुतलेला, घडी केलेला. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची खूण, माझ्या कुलूपबंद कपाटातल्याच अभ्र्यांवर असते ती. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. तीन वर्षं एक शब्द बोलली नाही. इतकं मोठं मन तिलाच का मिळावं, असा हेवा मला आत्ता, इथे उभी असतानाही वाटतोय.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या तीन दिवसांची माफी मात्र सभेकडे नाही, इडिथ, तुझ्याकडे मागते.

आणि डॉक्टरसाहेब, या किल्ल्या तुमच्यासमोर ठेवल्या आहेत. उद्या त्या कुणाला द्यायच्या, ते तुम्ही ठरवा.