शेजारच्या खुर्चीतला माणूस

नाव त्रूस कोपर, वय ६३ वर्षे, धंदा समुद्रकिनाऱ्यावर हेरिंग मासळी विकण्याची गाडी, राहणार झांडफोर्ट, पाण्याच्या टाकीमागे.

आज रविवारी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते ते असे. मला कोणी बोलावलेले नाही. जबाब लवकर घ्या असे दोनदा सांगितले आहे, पण साहेब दोन बोटांनी टाइप करतात.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मला एक भाऊ आहे. नाव आरी कोपर, वय ६६, पूर्वी शेजारच्या हार्लेम शहरात बस चालवायचा. आमचे वडील लहानपणी आम्हाला इथल्या मोटारशर्यतीला न्यायचे, कुंपणाखालून सरपटत, वाळूच्या टेकडीवर, फुकटात. म्हातारपणी ते पहिल्या वळणावरच्या दोन खुर्च्या दरवर्षी राखून ठेवू लागले. चार वर्षांपूर्वी शर्यतीच्याच आठवड्यात ते वारले. शुक्रवारी दफन होते. आरी अर्धा तास उशिरा आला, डोक्यावर शर्यतीला घालतात ती नारिंगी टोपी. सरावाच्या फेऱ्या बघत बसला होता. वर म्हणतो, "बाबांनीही हेच केलं असतं." मी सगळ्यांदेखत म्हटले, "आजपासून तू मला मेलास." तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

खुर्च्या मात्र दोघांनीही सोडल्या नाहीत. मी का सोडू? तिकिटे अजून वडिलांच्या नावावर एकाच पाकिटात त्याच्याकडे येतात. माझे तो पोस्टाने पाठवतो, सोबत चिठ्ठी नसते. धंद्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, पण मी गाडी बंद ठेवून जाते. लोक वेडी म्हणतात, म्हणोत. मी चार उकडलेली अंडी नेते, दोन आमच्यामध्ये ठेवते. तो ती खातो. याला बोलणे म्हणत असाल तर तसे लिहा. फाटकावर किंवा रांगेत कोणी विचारले, "तुम्ही दोघं एकत्र का?" तर दोघेही एकदम "नाही" म्हणतो.

आज शर्यत तीनला सुरू झाली. पावणेचारच्या सुमारास आरीने मला कोपराने ढोसले. कानात बोळे होते, मी पाहिलेही नाही. ती त्याची जुनी खोड आहे. मग त्याने माझे मनगट धरले. मी हात झटकला. त्यानंतर किती वेळ गेला ते मला विचारू नका. तीन फेऱ्या तरी झाल्या असतील. मग त्याचे डोके माझ्या खांद्यावर आले. मला वाटले, बिअर चढली. मी म्हटले, "नीट बस, मेल्या!" चार वर्षांतला माझा पहिला शब्द तो. वळून पाहिले तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि घामाने सदरा भिजला होता.

मागच्या रांगेतल्या माणसाने प्रथमोपचाराच्या लोकांना बोलावले. त्यांनी आरीला आडवे केले, छातीला यंत्र लावले. त्यातल्या एका बाईने मला विचारले, "तुम्ही यांच्यासोबत आहात का?" मी म्हटले, "नाही."

साहेब विचारतात, असे का म्हटले. सांगितले ना, सवय! जळो ती सवय. मी भानावर येईपर्यंत ते त्याला घेऊन पायऱ्या उतरले होते. मी ओरडत मागे धावले, पण गाड्यांच्या गोंगाटात कोण ऐकतो? रुग्णवाहिका उभी होती त्या फाटकावर मला अडवले. "आजी, फक्त नातेवाईक." म्हटले, "अहो, मी बहीण आहे त्याची!" तर म्हणे, "रुग्ण एकटा आहे असा निरोप आलाय." त्याला हार्लेमच्या इस्पितळात नेले असे कळल्यावर तिथे फोन केला. तिथेही तेच. सोबत कोणी नसल्याची नोंद आहे, फोनवर कोणालाही माहिती देत नाही. निदान जिवंत आहे का तेवढे सांगा म्हटले. तेही सांगेनात. ओळखपत्र पिशवीत होते आणि पिशवी खुर्चीखाली राहिली. म्हणून सायकल हाणत इथे आले.

कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असे विचारल्यावरून सांगते की कोणाविरुद्धही नाही. नोंद मीच चुकीची दिली. ती खोडून असे लिहावे की आरी कोपर हा माझा सख्खा भाऊ आहे, मी त्याच्यासोबतच होते, आणि मला त्याच्याकडे जायचे आहे.

यानंतर साहेबांनी माझ्यासमोर इस्पितळात फोन लावला. आरी शुद्धीवर आहे. नर्सने खात्री करण्यासाठी त्यालाच विचारले की पोलीस ठाण्यात एक बाई स्वतःला तुमची बहीण म्हणवते आहे, हे खरे का. त्यावर तो म्हणाला, "बहीण? असं ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली?"

मी फोन हातात घेतला आणि तसाच साहेबांपुढे धरून म्हटले, त्याला जबाबच वाचून दाखवा. म्हणून साहेबांनी वरील जबाब पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला, फोन चालूच ठेवून. नर्सने दोनदा आटपा म्हटले. वाचून झाल्यावर मी म्हटले, बरोबर आहे. पलीकडून आरीही म्हणाला, "बरोबर आहे."