सदतिसावा नंबर

हॅलो?… हां, बोल चिमे… नाही गं, मीटिंगमधून बाहेर आलेय. जिन्यात उभी आहे… आवाजाला काय व्हायचंय? किळस आलीय, बस्स.

तू तुझं सांग आधी… काय? लेकीने कॉम्प्युटरची कुठली भाषा शिकावी?… आणि यादीत जी पहिली ती घेऊ का म्हणतेस?… धाकटी बहीण ना तू माझी? मग तूसुद्धा? अगं, सकाळपासून नंबर, नंबर ऐकून कान किटलेत!

हो, हो… अगं ऐक ना! आमच्या हॉस्पिटलची लॅब माझ्या प्रोग्रॅमवर चालते ना? रक्त तपासलं की रिपोर्ट छापून देतो तो… हो, एकोणीस वर्षं. एकदाही रडला नाही. हे नवे साहेब आले आणि भिंतीवर यादी चिकटवली. लोकप्रिय भाषांची. माझी भाषा सदतिसावी. म्हणून सगळं मोडायचं आणि पहिल्या नंबरच्या भाषेत लिहायचं… नाही गं, दुसरं कारण नाही. एवढंच!

नंबर कसे लावतात माहितीये?… कोण किती वेळा शोधतं, किती प्रश्न विचारतं, ते मोजून… हसू नकोस. म्हणजे जो जास्त खोकतो त्याची तब्येत ठणठणीत!

छे, नव्याचा राग नाही मला… अगं तसं नाही! भाषेने बदलावंच. लोक जिथे ठेचकाळतात तिथला दगड काढावा. पण काल लिहिलेलं आज चालायला नको? आणि माझ्या भाषेवाले तरी काय दिवे लावतायत! नंबर वर जावा म्हणून नव्या आवृत्तीत दहा ठिकाणचं उचलून कोंबलंय. एका कामाच्या चार तऱ्हा. शी!

आज?… सांगते ना. साहेबांनी लिहून घेतलेल्या नव्या प्रोग्रॅमची चाचणी होती. एका आजोबांची साखर तपासायची राहिली होती. माझ्या रिपोर्टवर तिथे ‘तपासणी नाही’ असं येतं. नव्याने काय छापलं?… शून्य. अगं शून्य! साखर शून्य असलेला माणूस जिवंत असतो का?… हो ना, कोणी घाईत त्यावरून औषध दिलं असतं तर?… नाही, त्या भाषेचाही दोष नाही. घाईचा आहे. मी दाखवलं तर साहेब म्हणतात, “मॅडम, सगळं जग वापरतंय, तुम्हीच मागे राहिलात. सोमवारपासून चालू. चाचणी पास म्हणून करा सही.”

… नाही केली. घाबरले होते गं. पेन हातात होतं. खाली ठेवलं. तर म्हणाले, उद्यापासून प्रिंटरच्या खोलीत बसा. सगळ्यांसमोर… नाही, रडत नाहीये. राग आला की असंच होतं माझं, तुला माहितीये.

मग काय, तो शून्य छापलेला कागद घेतला आणि तडक लॅबच्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी वाचला. चष्मा काढून परत वाचला. आणि सरळ मीटिंगमध्ये शिरल्या. दार बंद… किती वेळ? झाली असतील वीस मिनिटं…

थांब, थांब, लॅबमधले आलेत… काय हो?… खरंच?… आणि साहेब?… असं म्हणाले?

चिमे, आहेस ना?… बाईंनी सांगितलं, हा प्रोग्रॅम माझ्या लॅबमध्ये पाऊल ठेवणार नाही. जुनाच चालेल… अगं, अभिनंदन कसलं करतेस! साहेब काय म्हणाले ऐक. “हरकत नाही, मग दुसऱ्या नंबरची भाषा बघू.” … हो, अगदी असंच.

लेक?… कुठलीही शिकू दे गं. एकच धरायची आणि कोणाच्या तरी रोजच्या उपयोगाचं काहीतरी करून दाखवायचं. अडली तर मावशी आहे.

… थांब, आत बोलावतायत. मलाच… बाईंनी शेजारची खुर्ची दिलीय म्हणे… छे, बसत नाही मी. उभ्यानेच सांगणार. कितव्याही नंबरची आणा, चाचणी मी घेणार… हो, हो… अगं, ठेव ना आता!