बाईंनी खोडलेला ‘अजून’

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, या वाचा-उपचार केंद्रातली सगळी मंडळी, आणि मुलांना मांडीवर थोपवून बसलेले माझ्यासारखे आईबाबा, सर्वांना नमस्कार. आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाईंना वेगळा, वाकून.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. पुस्तकं लिहिणारीचा तेवढ्यात घसाही खाकरून होत नाही. तरी प्रयत्न करते.

इथली एक रीत बाहेर कुणाला ठाऊक नसेल. मुलाच्या तपासणीचा अहवाल बाई लिहितात, पण सहीआधी तो आईबाबांनी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. जिथे आवाज अडकेल तिथे बाई पेन उचलतात. शब्द खरा असेल तर राहतो, सैल असेल तर जातो.

माझी लेक इथे आली तेव्हा तीन वर्षांची. तोंडातून शब्द नाही. शाळा तिला घेणार की नाही, हे अहवालावर ठरणार होतं. कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘मुलीला भाषा नाही.’ मी तिथेच थांबले.

“काय झालं?”

“मग ती रोज माझी चप्पल आणून पायाशी ठेवते, ते काय हो बाई?”

“ठेवून काय करते?”

“माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात तर?”

“दुसरी चप्पल आणते!”

“अहो, ही तर वकील होणार!” बाईंनी ओळ खोडून लिहिलं, ‘बाहेर जायचं असलं की आईची चप्पल आणते. उत्तराची वाट पाहते. नकार मिळाला तर पुन्हा सांगून बघते. अजून शब्द बोलत नाही.’

वाचताना ‘अजून’पाशी माझा आवाज अडकला. बाईंनी तोही खोडला!

“राहू द्या ना. तेवढाच आधार.”

“‘अजून’ म्हणजे वचन झालं. ते माझ्या हातात नाही.” आणि त्यांनी लिहिलं, ‘आज’.

तेव्हा राग आला. पण काय केलं होतं त्यांनी? माझ्या लेकीवर ना शिक्का मारला, ना आशेचं ओझं ठेवलं. तिचा उद्याचा दिवस तिच्यासाठी मोकळा सोडला. एवढ्याशा शब्दात एवढी जागा असते, हे मला इतकी पुस्तकं लिहूनही कळलं नव्हतं.

शाळेने तिला घेतलं. आता ती थोडं बोलते. मघाशी मात्र बाई चालल्या म्हणून सांगितलं, तर उठून सरळ दाराशी गेली. बाई, दाराशी तुमच्या चपला शोधू नका. शेवटच्या रांगेत ती त्या मांडीवर घेऊन बसली आहे.

हे कोणत्या शब्दांत लिहायचं, मला आज सांगता येत नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझा एखादा शब्द सैल पडला असेल तर, बाई, पेन तुमच्याकडे आहेच. क्षमा असावी.