‘तुम्ही आधी’चं बटण

“हॅलो?... हो मामा, ओल्फाच बोलतेय. बोल ना.”

तैयब मामाचा ऑलिव्हच्या तेलाचा घाणा आज तिच्या प्रोग्रामवर चालणार होता. ऑलिव्ह घेऊन येणाऱ्यांची रांग कागदावर नाही, पडद्यावर. ओल्फानं नोकरी सोडून घेतलेलं हे पहिलंच काम. स्फॅक्स शहराकडचे बाकीचे घाणेवाले दुपारी ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तरच पुढची कामं.

“काय? घाणा उभा आहे?... पडद्यावर काय दिसतंय?... ‘रांग बदलली’. बरं, आता?... परत ‘रांग बदलली’?”

तिनं कॉफी बाजूला सारली.

“‘तुम्ही आधी’चं बटण कोणीतरी दाबतंय, मामा... दोघं जण? एकमेकांसाठी?... मग तू ओरडू नकोस माझ्यावर. आधी म्हणालास, जो आधी येईल त्याचं तेल आधी. केलं. मग लांबून येणाऱ्याला पुढे घे. केलं. मग मामी म्हणाली, लग्नघर असेल तर त्यांचं आधी. तेही केलं... हो, हो... अरे ऐक ना. आणि परवा तुला आठवलं, आपल्यात कोणी दुसऱ्याला ‘तुम्ही आधी’ म्हटल्याशिवाय पुढे होत नाही. ‘एवढंसं बटण तर टाकायचंय,’ कोण म्हणालं होतं?... मी नाही म्हणाले.”

पलीकडून घाण्यावरच्या माणसांचं हसू ऐकू येत होतं.

“पाहुणे घाणेवाले आलेसुद्धा?... बरं, काढून टाकते ते बटण. लगेच... पण हे दोघं हट्टी कोण?... सांग की... कोण? आमचे बाबा?”

तिचा हात थांबला.

“आणि मोंजी काका?... समोरासमोर?... मामा, मी शाळेत होते तेव्हा विहिरीवरून भांडले ते दोघं भाऊ. त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत रे... अजूनही बोलत नाहीत? नुसतं बटण दाबतायत?”

ती हसायला लागली. डोळे पुसले, परत हसली.

“नाही, आता नाही काढणार... तुझे पाहुणे थांबू देत. त्यांना पाव दे, ताजं तेल दे... ऐक, यावेळी बदल मी सांगते. दोघांची ऑलिव्हं एकत्र घाल. एकच पाळी. आजोबा होते तेव्हा एकत्रच यायची ना?... विचार त्यांना. मी थांबते.”

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. घाण्यावरचा गलबला एकदम कमी झाला होता.

“हो म्हणाले?... दोघंही?”

ओल्फानं भराभर चार ओळी बदलल्या.

“नाव टाकायचंय. आधी कोणाचं टाकू?... बाबा म्हणतात काकांचं. आणि काका?... झालं. परत सुरू झालं ह्यांचं... पाहुणे काय म्हणतात?... त्यांनाही हेच बटण हवंय? देऊ. आधी हे संपू दे... मामा, दोघांनाही म्हणावं, गप्प बसा. मी आजोबांचं नाव टाकलंय. हाज ब्राहीम... दिसलं?... आता सुरू कर घाणा. आणि फोन तसाच राहू दे, मला आवाज ऐकायचाय.”