भेसळ निघू दे, ताई

तुमीच सांगा ताई, माणसानं इस्वास ठेवायचा कुणावर? शपथ घेणाऱ्यावर, का ह्या तुमच्या मशिनीवर? — न्हाय, बसत न्हाय मी, बसलो की उठायचं बळ ऱ्हाणार न्हाय. ही बाटली धरा आधी. गंधपुऱ्याचं तेल, विंटरग्रीन म्हणतासा तुमी. मागं तुमीच तपासून दिलंतासा, आठवतंय? मी पिराजी, गंगावेशीतला तेलवाला, तालमीतल्या पोरांस्नी मालिशीचं तेल देतो. तुमचा रिपोर्ट फ्रेम करून लावलाय दुकानात, गिऱ्हाईक आधी अंबाबाईला हात जोडतंय, मग तुमच्या सहीला! तर त्येच तेल हाय हे. फकस्त आज माझं मागणं उलटं हाय. आज ह्यात भेसळ निघाली पायजे. — न्हाय, डोकं ठिकाणावर हाय माझं. माझा नातू, सम्राट, चार वर्षांचा, त्यानं सकाळी ही बाटली तोंडाला लावली. वास गोड की हो ह्याचा, मसाला पानागत, पोराला काय कळतंय? किती गेलं पोटात कुणी बघितलं न्हाय. आता दवाखान्यात हाय, छाती भात्यागत हलायलीय. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासतोय आमी, पण तेलात नेमकं काय, किती, ते तातडीनं कळवा. चोख असलं तर चमचाभर सुद्धा एवढ्याशा जिवाला लई झालं म्हणाले. चोख असलं तर!

तुमाला वाटंल, तेल ह्याचं, मग ह्यालाच ठाऊक असणार. व्हय की, दुकानातलं ठाऊक हाय मला. ते पातळ करावंच लागतंय, ताई! एक पैलवान हाय, राजवर्धन, बैलागत गडी — त्येला एकदा चुकून कॅनातलं मूळ तेल गेलं. मांड्यांना चोळलं आन् गडी बोंबलत सरळ म्हशीच्या हौदात! आख्खी तालीम लोळून हसली. तवापासनं मी शाणा झालो, निम्म्यापेक्षा जास्त पांढरं तेल घालतो, बिनवासाचं, स्वस्तातलं. लोकांच्या कातडीसाठीच की! — लेबल? लेबलावर शुद्धच लिवलंय, व्हय. तुमाला तपासायला कॅनातलं दिलं आन् विकायला... ऱ्हाऊ द्या ते, आता ती येळ हाय व्हय? मुद्दा असा, ही बाटली दुकानातली न्हाय. घरची हाय. आन् घरला पातळ माल कोण नेतंय? आमच्या मंडळींचं गुडघं, माझी कंबर — घरला चोखच पायजे म्हणून सोताच्या हातानं भरली मी. गावात माझ्या किती बाटल्या असतील, ताई, त्यातली कुठलीबी त्यानं प्याली असती तर एवढं झालं नसतं. चोख तेवढं माझ्याच फळीवर ठेवलं मी.

मग आता आस कुणाची? मिरजेच्या खिजरभाईची. माल त्येच्याकडनं येतोय, बापापासनंचा व्यवहार. राजारामपुरीला तुमच्या लॅबकडं येताना रिक्षातनंच फोन लावला त्येला. म्हटलं, खिजरभाई, कायतरी मिसळतच असशील की तू! धंदा हाय, मी रागावत न्हाय, पाया पडतो तुझ्या, किती मिसळतोस तेवढं सांग. तर म्हणतोय, "पिराजीशेट, अल्लाची कसम, एक थेंब न्हाय." शिव्या घातल्या मी त्येला! आख्ख्या जगानं भेसळ करावी आन् ह्या बाबानंच नेमकी करू नये? मग सम्राटचं सांगितलं, तर रडायलाच लागला — "खोटं बोलून पोर वाचणार असतं तर आत्ता बोललो असतो, शेट." रिक्षावाला मागं वळून बघायला लागला, तवा कळलं मी बी रडतोय. आन् ह्या माणसाला मी दर खेपंला म्हणायचो, तुझ्या तेलात दम न्हाय, भाव उतरव.

झालं व्हय? मशिन चालू झाली? ती रेघ — ती एकटीच वर गेलीय ती काय? आन् दुसरी, भेसळीची? ती का उठंना? थांबा की जरा, उठंल. एखादी तरी उठंल. कुणीतरी कुठंतरी कायतरी घातलंच असंल की, खिजरभाईच्या गड्यानं, टेम्पोवाल्यानं... न्हाय? ताई, ऐका माझं, एक करा. कमी लिवा. पन्नास टक्केच चोख लिवा. भेसळ म्हणून तांबड्या शाईत लिवा, माझं नाव घालून लिवा, पेपरात द्या, दुकान बंद पडू द्या — पर कमी लिवा. — काय बघतासा? डॉक्टर? ...व्हय. ते त्यावरनं ठरवणार. पन्नास वाचलं तर त्येंला वाटणार, धोका निम्मा. व्हय की. काय बोललो मी हे?

फोन लावा. तुमीच बोला डॉक्टरांशी, माझ्या हातात देऊ नका, माझं तोंड दुकानदाराचं हाय, ऐन टायमाला कायबी बोलंल. आन् मला आकडा सांगू नका, मी जिन्यात उभा ऱ्हातो. मी काय म्हटलं ते इसरा ताई, थेंब न् थेंब इमानानं हिशेबात धरा.