रेघेखालचं वाक्य

— नाही ताई, तो लाल जाडजूड ग्रंथ खाली ठेवा. दुकान पुस्तकांचं असलं तरी तेवढा विकायचा नाही, माझा स्वतःचा आहे तो. बायबल शिकायला बसलाय म्हणता ना तुम्ही बायका? मग उघडा बघू एखादं पान. वर मोठी अक्षरं, हे वचन. मधे रेघ. रेघेखाली बारीक अक्षरं — ती टीप. भाष्यकाराची. माणसाची हो! आंधळ्यालाही कळेल, नाही? मला नाही कळलं. बावीस वर्षं चर्चचा पाळक होतो मी — रोज तेच पुस्तक, तीच पानं, वरचं नि खालचं एकाच सुरात पाठ झालेलं. मागच्या पानावर त्या भाष्यकाराच्या पदव्यांची ही रांग — कुणी दिल्या, विचारलं मी? छे! दुसरं एखादं भाष्य शेजारी ठेवून ताडून पाहिलं? कशाला? सगळं येत होतं ना मला!

मग मुलगी आली. भर दुपारी, हातात पिशवी, कान सुजलेला. बाबा, मी आता परत जायची नाही म्हणाली. आणि मी — बाप मी तिचा — धडाधडा म्हणून मोकळा, 'मार सोसूनही जी घर सोडत नाही, तिचा मुकुट स्वर्गात राखून ठेवला आहे.' तिनं विचारलंही, शास्त्रात आहे असं? म्हटलं, शब्दन् शब्द! गेली गुमान परत. चार वर्षांनी उपदेशात तेच वाक्य म्हणालो, तर एक निवृत्त शिक्षिका उठून विचारते, पाळकसाहेब, अध्याय कुठला? आठवडाभर शोधलं — आणि सापडलं, रेघेखाली.

धावत गेलो. तिचे पाय धरले, म्हटलं, चल घरी, ते देवाचं नव्हतंच गं. तर म्हणते कशी, 'देवाचंच आहे बाबा. नसेल तर मी कशासाठी सोसलं?' एकटाच परत आलो. राजीनामा दिला, हे दुकान थाटलं, येईल त्याला सांगतो, एका पुस्तकावर विसंबू नका. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

पण तुम्हाला हेच पुस्तक आणायला सांगितलं कुणी? तुमचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी? हो का... काय म्हणाल्या? 'माझ्या बाबांच्या दुकानात मिळेल' —

किती प्रती हव्यात म्हणालात? बारा?

नाहीत. जा तुम्ही. जाताना दार ओढून घ्या.