खोडलेली अक्षरं

धाकटा : ताई, वेबसाइटसाठी कुठलं टूल ठेवायचं ते आज सांगच बाई. दोन्हींची फुकट मुदत संध्याकाळी संपते.

ताई : अरे, मी विसरायला लागलेल्या माणसांना तपासते. वेबसाइटवर कोण कुठे टिचकी मारतं, यातलं मला काय कळतं?

धाकटा : दवाखाना तुझा, म्हणून विचारतोय. पहिलं टूल नुसतं मोजतं, किती आले, किती गेले. दुसरं प्रत्येकाची स्क्रीन टिपून ठेवतं. शंभरातले साठ जण अपॉइंटमेंटचा फॉर्म अर्धवट सोडून पळतात. का पळतात, ते दुसरंच सांगेल.

ताई : म्हणजे खांद्यावरून डोकावायचं. मला नाही पटत रे असल्या गोष्टी.

धाकटा : उगाच बाऊ करू नकोस. हे कालचं बघ. हा माणूस चौथ्यांदा आलाय.

ताई : वय एकाहत्तर. डॉक्टर... मला सोडून माझ्या सोबतच्या डॉक्टरांना निवडलंय. बरं.

धाकटा : आता त्रास लिहितोय. "परवा बाजारातून घरी यायचा रस्ताच आठवेना. तासभर बाकावर बसून होतो." बघ, खोडलं!

ताई : खोडलेलंही दिसतं?

धाकटा : अं... नाव-नंबर झाकलेत, ती चौकट झाकायची राहिली माझ्याकडून.

ताई : शहाणाच आहेस! लोक कुठल्या विश्वासाने... थांब, पुन्हा लिहितायत.

धाकटा : "मुलगी तिथेच डॉक्टर आहे. तिला..."



ताई : वाच ना. थांबलास का?

धाकटा : "तिला कळू देऊ नका. वेबसाइट मुलाने केली आहे, त्यालाही नको." ताई, हे बाबा आहेत गं.

ताई : त्या दिवशी म्हणाले, बाजारात जुना मित्र भेटला म्हणून उशीर झाला. आणि मी हसले रे. दिवसाला दहा जण तपासते मी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

धाकटा : चल, आत्ताच जाऊन विचारू.

ताई : काय विचारणार? तुम्ही खोडलेलं आम्ही वाचलं म्हणून? जिवाला लागेल त्यांच्या.

धाकटा : मग?

ताई : आधी ते दुसरं काढ. टिपलेलं सगळं पूस. नुसतं मोजणारं राहू दे. आणि फॉर्ममध्ये त्रास विचारूच नकोस, फोन नंबर पुरे.

धाकटा : आणि बाबा?

ताई : आज दवाखाना लवकर बंद करते. बाजारात सोबत चला म्हणेन. येताना पिशवी मी घेईन, त्यांना पुढे चालू देईन. वाटेत बोलले तर बोलले.

धाकटा : आणि नाहीच बोलले तर?

ताई : तर उद्याही जाईन.